एमजीबीचं तीन-नगी क्लच किट: खोक्यात काय असतं, काय नसतं आणि बसवल्यावर गिअर का पडत नाही

इंजिन आणि गिअरबॉक्स परत चढला, सगळे बोल्ट आवळून झाले, गाडी सुरूही झाली. पण पॅडल तळाला टेकवूनही रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज येतो, नाहीतर पहिला गिअर पडतो तो गाडीला हिसका देऊनच. नवं क्लच किट बसवलेल्या एमजीबीबद्दल (ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) ही तक्रार फार ऐकू येते आणि आळ लगेच किटवर जातो. किट खराब निघू शकतं, निघतंही. पण या गाडीत क्लचला हात लावायचा तर इंजिन बाहेर काढावंच लागतं, गिअरबॉक्स एकटा खालून उतरत नाही. म्हणून किटला दोष देण्याआधी एक मोजमाप करायलाच हवं, आणि ते गाडीखाली पडून पाच मिनिटांत होतं. त्याकडे येऊच. आधी किटबद्दल.

हे परीक्षण १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या, १७९८ सीसीच्या चार सिलिंडर एमजीबीसाठी मिळणाऱ्या ८ इंची डायफ्रॅम क्लचच्या किटचं आहे. व्ही-८ इंजिनच्या गाडीचा क्लच वेगळा, तो इथे धरलेला नाही. खोक्यात तीन वस्तू येतात: प्रेशर प्लेट, क्लच प्लेट आणि कार्बनचं रिलीज बेअरिंग. बऱ्याच किटमध्ये प्लेट मधोमध धरायला प्लास्टिकची एक दांडीही असते. मूळ गाडीत क्लच बोर्ग अँड बेकचा आणि हायड्रॉलिकचे भाग लॉकहीडचे होते. हायड्रॉलिक म्हणजे पॅडलकडचा मास्टर सिलिंडर तेल ढकलतो आणि गिअरबॉक्सकडचा स्लेव्ह सिलिंडर त्या तेलाने क्लच दाबतो. आज मिळणारी किटं वेगवेगळ्या कारखान्यांत बनतात, तरी रचना तीच ठेवलेली असते. त्यामुळे खाली सांगितलेल्या तपासण्या कोणत्याही नावाच्या खोक्याला लागू पडतात.

प्रेशर प्लेट

तिन्ही वस्तूंमध्ये सगळ्यात भरवशाची हीच. डायफ्रॅम स्प्रिंगमुळे (बशीच्या आकाराची, बोटांसारख्या पट्ट्यांची स्प्रिंग) पॅडल हलकं राहतं आणि अस्तर झिजत गेलं तरी दाब फारसा उतरत नाही. खोक्यातून काढल्यावर तिच्या घासपृष्ठावरचं गंज न लागावा म्हणून लावलेलं तेल ब्रेक क्लीनरने पुसून काढा. बोटाला चिकट लागेनासं होईपर्यंत पुसायचं. मग ती सपाट काचेवर ठेवून मधल्या पोलादी चकतीची उंची तीन ठिकाणी मोजा. तिन्ही मापं जवळपास सारखी यायला हवीत. चकती एका बाजूला कललेली दिसली तर ती प्लेट बसवूच नका. पडल्यामुळे किंवा वाहतुकीत आपटल्यामुळे असं होतं, आणि अशी प्लेट एका बाजूने सुटते, दुसऱ्या बाजूने सुटत नाही.

ही मधली चकती फार महत्त्वाची आहे. कार्बनचं बेअरिंग गुळगुळीत, सपाट पृष्ठावरच घासत राहू शकतं. डायफ्रॅमच्या उघड्या बोटांवर ते टेकलं तर बोटं कार्बन खरवडून काढतात. म्हणून चकती नसलेली प्रेशर प्लेट आणि कार्बनचं बेअरिंग हा मेळ कधीही करू नये. दोन वेगळ्या किटमधल्या वस्तू एकत्र बसवताना नेमकी हीच चूक होते. फोक्सवॅगन बीटलमध्येही असाच पेच आहे. १९७१ सालच्या मॉडेलपासून तिच्या रिलीज बेअरिंगला मार्गदर्शक नळी आली आणि प्रेशर प्लेटच्या मधलं कडं गेलं, त्यामुळे जुन्या आणि नव्या रचनेचे भाग एकमेकांत चालत नाहीत. जुन्या गाड्यांत बेअरिंग आणि प्रेशर प्लेट ही जोडी म्हणूनच निवडायची असते.

क्लच प्लेट

प्लेटचं अस्तर, रिवेट आणि मधल्या स्प्रिंगा साधारणपणे ठीक असतात. तपासायचं ते हब, म्हणजे शाफ्टवर बसणारा मधला भाग. इंजिनशी जुळवण्याआधी प्लेट गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर सरकवून पाहा. ती स्वतःच्या वजनाने सहज सरकली पाहिजे, कुठेही अडकता कामा नये, आणि फिरवल्यावर नावापुरतीच सैल लागली पाहिजे. एमजीबीच्या इंजिनात १९६४ मध्ये तीनऐवजी पाच मेन बेअरिंग आली आणि १९६७ च्या अखेरीस गिअरबॉक्स बदलून चारही पुढच्या गिअरना सिंक्रो (न वाजता गिअर पडायची सोय) मिळाला. इतक्या वर्षांत बहुतेक गाड्यांमधली इंजिनं आणि गिअरबॉक्स अदलाबदल झालेले असतात. म्हणून गाडीच्या सालावर विसंबू नका. स्प्लाइनच्या (शाफ्टवरच्या लांब दातांच्या) खाचा मोजा, शाफ्टचा व्यास मोजा आणि मगच किट मागवा.

दुसरी तपासणी कुणी करत नाही, आणि तीच सगळ्यात मोलाची आहे. प्रेशर प्लेट न लावता नुसती क्लच प्लेट फ्लायव्हीलवर (इंजिनच्या मागच्या जड चाकावर) हाताने दाबून धरा आणि फिरवा. हबचा कुठलाही भाग फ्लायव्हीलच्या बोल्टच्या डोक्यांना लागता कामा नये. लागत असेल तर बहुधा प्लेट उलटी धरलेली असते. हबचा लांब, स्प्रिंगांच्या घराचा भाग गिअरबॉक्सकडे असायला हवा. प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू कोणती ते बारीक अक्षरात ठोकलेलं किंवा छापलेलं असतं, पण ते खरवडलं गेलेलं असेल तर ही हाताची तपासणी कामाला येते. उलटी प्लेट बसली तर हब बोल्टवर घासत राहतो आणि पॅडल कितीही दाबलं तरी क्लच सुटत नाही, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून वेगळे होत नाहीत.

प्लेट वाकडी आहे का, हेही पाहून घ्या. शाफ्टवर बसवून फिरवताना कडेला डायल गेज लावलं तर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त डगमग दिसू नये. नव्या प्लेटमध्ये ती क्वचितच दिसते. वाकते ती गिअरबॉक्स चढवताना.

रिलीज बेअरिंग

किटचा सगळ्यात कमजोर दुवा हा. याला बेअरिंग म्हणतात खरं, पण आत गोळ्या नसतात. लोखंडी घरात बसवलेलं ग्राफाइट कार्बनचं कडं असतं आणि पॅडल दाबलं की ते फिरत्या चकतीवर घासतं. नवं कडं हातात घेऊन जवळून पाहा. कार्बन लोखंडी घरात चारही बाजूंनी घट्ट बसलेला हवा, कडेला केसाएवढीही भेग नको, अंगठ्याने जोर लावून फिरवलं तर हलता कामा नये. पुढचं तोंड मंद चमकणारं, सपाट आणि टवका न उडालेलं असावं. कडं सैल असेल तर परत करा. बसवल्यावर ते घरातून सुटलं तर तुकडे थेट प्रेशर प्लेटमध्ये जातात.

गोळ्यांचं रिलीज बेअरिंग लावावं का, हा प्रश्न नेहमी येतो. आमचं मत: मूळ रचनेच्या प्रेशर प्लेटसोबत चांगलं कार्बन कडंच ठेवा. या गाडीचं हायड्रॉलिक स्वतःच झीज भरून काढतं आणि बेअरिंग व चकती यांच्यात मुद्दाम ठेवलेली फट नसते. त्यामुळे बेअरिंग सतत हलकंसं टेकलेलं राहतं. कार्बन हे सहन करतो. गोळ्यांचं बेअरिंग मात्र गाडी चालू असेपर्यंत फिरतच राहतं. शिवाय त्याची उंची कार्बन कड्यापेक्षा वेगळी असू शकते आणि मग बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कची बसण्याची जागाच बदलते. कार्बनचं आयुष्य चालवणाऱ्याच्या पायावर आहे. सिग्नलला गिअरमध्ये पॅडल दाबून थांबायची सवय असेल तर हे कडं लवकर संपतं. न्यूट्रल करून पाय काढला तर अस्तर संपेपर्यंत टिकतं.

खोक्यात काय नसतं

इथे किटची खरी उणीव आहे. इंजिन बाहेर असताना बदलायलाच हव्यात अशा वस्तू वेगळ्या मागवाव्या लागतात. क्रँकशाफ्टच्या टोकातला स्पिगॉट बुश, क्लच फोर्कचा बुश आणि त्याचा बोल्ट, बेअरिंग फोर्कला धरून ठेवणाऱ्या दोन स्प्रिंग क्लिपा, बेल हाऊसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या पुढच्या भागाच्या) खिडकीवरचं रबरी झाकण आणि पॅडलपासून स्लेव्हपर्यंतचे सांधे जोडणाऱ्या क्लिव्हिस पिना. एकेक वस्तू चिल्लर आहे, पण यातली एखादी जुनी ठेवली तर नव्या किटचा उपयोग अर्धा होतो.

स्पिगॉट बुश सच्छिद्र ब्रॉन्झचा असतो. तो बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये रात्रभर भिजवून ठेवावा. ग्रीस भरू नये, ग्रीसने छिद्रं बुजतात. बसवल्यावर इनपुट शाफ्टचं टोक त्यात हाताने जाऊन मोकळं फिरतं का ते पाहायचं, शक्य असेल तर गिअरबॉक्स जोडण्याआधी सुट्या शाफ्टने. वेगवेगळ्या सालचं इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असेल तर बुशचा आतला व्यास आणि शाफ्टच्या टोकाचा व्यास दोन्ही व्हर्नियरने मोजा.

सोबत मिळणारी प्लास्टिकची दांडी आम्हाला पसंत नाही. ती स्प्लाइनमध्ये सैल बसते, प्लेटच्या वजनाने किंचित वाकते आणि प्लेट मधोमध आहे असा भास होतो. जुना, मोडका इनपुट शाफ्ट मिळाला तर त्याच्याएवढं चांगलं हत्यार नाही. नाहीतर खरादावर बनवून घेतलेली धातूची दांडी. प्लास्टिकचीच वापरायची असेल तर बोल्ट आवळताना ती सतत वर उचलून धरा आणि शेवटी सहज बाहेर येते का, परत सहज आत जाते का, ते पाहा.

प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट ५/१६ इंची आहेत. ते समोरासमोरच्या क्रमाने, एका वेळी अर्धा फेरा, असे आवळायचे. शेवटचा टॉर्क २५ ते ३० पाउंड-फूट, म्हणजे ३४ ते ४१ न्यूटन-मीटर. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर झाकणाची पत्री वाकते, आणि ती सरळ होत नाही.

चढवताना जे बिघडतं

क्लच न सुटण्याची आतली कारणं बहुतेक वेळा याच अर्ध्या तासात जन्माला येतात. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट प्लेटच्या हबमध्ये शिरला आहे, पण टोक अजून बुशमध्ये गेलेलं नाही. त्या क्षणी गिअरबॉक्स किंवा इंजिन खाली लटकलं तर सगळा भार हबवर येतो. पातळ पोलादी प्लेट तेवढ्याने वाकते. बाहेरून काहीच दिसत नाही. नंतर गाडीत पॅडल पूर्ण दाबलं तरी वाकलेल्या प्लेटची एक कड फ्लायव्हीलला आणि दुसरी प्रेशर प्लेटला घासत राहते.

म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स जमिनीवरच जोडायचे, दोन्हींना स्वतंत्र आधार द्यायचा आणि आधार हळूहळू वरखाली करत दोन्ही तोंडं समांतर आणायची. बेल हाऊसिंगच्या दोन बाजूंच्या भोकांतून त्याच आट्यांचे दोन लांब स्टड लावले तर गिअरबॉक्स सरळ रेषेत सरकतो आणि लटकत नाही. स्प्लाइन जुळत नसतील तर गिअरबॉक्स वरच्या गिअरमध्ये टाकून मागचा फ्लँज हाताने थोडा थोडा फिरवायचा.

दोन्ही तोंडांत एक-दीड सेंटीमीटर फट राहिली आणि पुढे सरकत नाही, अशी वेळ हमखास येते. त्या वेळी बोल्ट लावून ओढून घेण्याचा मोह टाळाच. फट राहण्याचा अर्थ शाफ्टचं टोक बुशच्या तोंडाशी अडलं आहे, म्हणजे प्लेट मधोमध नाही. बोल्टने ओढलं तर बुश फुटतो, प्लेट वाकते, कधी बेल हाऊसिंगचा कान तुटतो. मागे घ्या, प्लेट पुन्हा मधोमध करा. शेवटचा एक-दीड सेंटीमीटर हाताच्या जोराने बंद झालाच पाहिजे.

स्प्लाइनवर ग्रीस लावायचं ते कापडाने पुसून उरेल तेवढंच. जास्तीचं ग्रीस फिरताना अस्तरावर उडतं आणि गाडी सुटताना थरथरते.

ते एक मोजमाप

आता मुख्य गोष्ट. गाडी स्टँडवर घ्या, खाली जा आणि स्लेव्ह सिलिंडरचा पुशरॉड किती सरकतो ते मोजा. एकाने पॅडल हळूहळू तळापर्यंत दाबून धरायचं, दुसऱ्याने फोर्कचं टोक आणि स्लेव्हचा फ्लँज यांमधलं अंतर आधी आणि नंतर मोजायचं. फरक किमान अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर यायला हवा.

तेवढा येत असेल तर हायड्रॉलिक ठीक आहे, दोष बेल हाऊसिंगच्या आत आहे. कमी येत असेल तर किटचा काही संबंध नाही, इंजिन काढू नका. हा एक आकडा तुमची पुढची दिशा ठरवतो, आणि तो न मोजता इंजिन बाहेर काढणाऱ्यांची आम्हाला मनापासून काळजी वाटते.

हा अर्धा इंच कुठून येतो तेही समजून घ्या, कारण त्यावरच सगळं निदान उभं आहे. मास्टर सिलिंडरचा बोअर पाऊण इंच, १९.०५ मिलिमीटर. स्लेव्हचा सव्वा इंच, ३१.७५ मिलिमीटर. क्षेत्रफळाचं गुणोत्तर २.७८ येतं. म्हणजे स्लेव्ह १२.७ मिलिमीटर सरकायला मास्टरचा पिस्टन सुमारे ३५ मिलिमीटर ढकलावा लागतो. पॅडलच्या बाजूला वाया गेलेला प्रत्येक मिलिमीटर स्लेव्हला ०.३६ मिलिमीटरने महागात पडतो. क्लिव्हिस पिनवर दीड मिलिमीटर खोल खाच पडली आहे आणि पॅडलचं भोक दीड मिलिमीटर लांबट झालं आहे, असं धरा. झाले तीन मिलिमीटर, म्हणजे स्लेव्हवर एक मिलिमीटरहून जास्त तूट. क्लच सुटण्या-न सुटण्याच्या सीमेवर एवढी तूट पुरते.

जुनी पिन काढून बोटांत फिरवून पाहिली तर हे लगेच पटतं. मधल्या भागात, जिथे पॅडल टेकतं, तिथे नखाला स्पष्ट लागेल अशी पायरी पडलेली असते आणि कडेला मूळ व्यास तसाच चमकत असतो. नुसती पिन बदलून अर्धंच काम होतं. पॅडलचं लांबट भोक वेल्डिंगने भरून पुन्हा गोल पाडावं, किंवा बुश घालावा.

बोअरचं गणित बदली सिलिंडरलाही लागू पडतं. समजा पाऊण इंचाऐवजी ०.७० इंच बोअरचा मास्टर बसला. बाहेरून तो जवळपास तसाच दिसेल, पण तेल १३ टक्के कमी ढकलेल, आणि १२.७ चे ११ मिलिमीटर होतील. पॅडल छान हलकं लागेल आणि गिअर वाजत राहतील. म्हणून नवा मास्टर किंवा स्लेव्ह बसवण्याआधी पिस्टनचा व्यास व्हर्नियरने मोजून घ्या.

सरक कमी येते तेव्हा

पॅडल दोन-तीनदा भराभर मारल्यावर सरक वाढत असेल तर आत हवा आहे. पॅडल दाबून धरल्यावर हळूहळू तळाला जात असेल आणि बाहेर कुठेही ओल नसेल, तर मास्टरचं सील आतल्या आत तेल सोडतंय. स्लेव्हच्या रबरी बुटात ओल असेल तर स्लेव्हचं सील गेलंय. पॅडल कडक आहे, पंप करून काही फरक पडत नाही, तरी सरक कमी, असं असेल तर पिना आणि भोकं बघा आणि जुना रबरी होज दाबाखाली फुगतो का तेही बघा. पॅडलखाली जाड नवी गालिचा-पट्टी टाकलेली असेल तर ती काढून पुन्हा मोजा. नव्याने सजवलेल्या गाडीत पॅडल तळाला पोचतच नाही, हे कारण हसण्यावारी नेऊ नका.

हवा काढणं या गाडीत किचकट आहे. नळी मास्टरपासून स्लेव्हपर्यंत जाताना वरखाली वळते, वरच्या वळणात बुडबुडा अडकतो, आणि पॅडल मारून ब्लीड केलं तर तो थोडा खाली येऊन पुन्हा वर जातो. पॅडलपेक्षा खालून वर तेल भरणं कितीतरी चांगलं. मास्टरच्या टाकीतलं तेल अर्ध्यावर आणा. स्लेव्हच्या हवा काढायच्या निप्पलला पारदर्शक नळी लावा, नळी आधी तेलाने पूर्ण भरून घ्या, आणि मोठ्या सिरिंजने किंवा तेलाच्या पिचकारीने ताजं डॉट ४ ब्रेकचं तेल सावकाश वर ढकला. टाकीत बुडबुडे येताना दिसतील. ते थांबेपर्यंत ढकलत राहायचं आणि टाकी ओसंडण्याआधी थांबायचं. अर्ध्या लिटरची बाटली पुरून उरते. डॉट ४ रंगाला लागलं तर रंग उठतो, म्हणून पाण्याची बादली आणि फडकं शेजारी ठेवा.

तरीही पॅडल मऊ असेल तर स्लेव्ह बेल हाऊसिंगवरून सोडा, नळी तशीच राहू द्या, निप्पल वर येईल असा धरा आणि पिस्टन पूर्ण आत दाबा. आतली हवा तेलासकट वर मास्टरमध्ये जाते. हे करताना पॅडलला कुणाचाही पाय लागता कामा नये. मोकळ्या स्लेव्हवर पॅडल दाबलं की पिस्टन बाहेर उडतो. गिअरबॉक्स उतरवलेला असताना असं होतं, मग घाईने पिस्टन परत ठोकला जातो, सीलची कड दुमडते, आणि गाडी जोडल्यावर क्लच का सुटत नाही हे कुणालाच कळत नाही.

सरक पूर्ण आहे तरी गिअर वाजतो

आधी दोन गोष्टी वगळा. १९६७ पर्यंतच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. गाडी चालत असताना तो वाजला तर क्लचचा काही दोष नाही. रिव्हर्सला तर दोन्ही प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रो नाही. म्हणून कसोटी अशी: गाडी उभी, इंजिन मंद गतीवर, पॅडल तळाला दाबून मनात दहा अंक मोजा आणि मग रिव्हर्स टाका. शांतपणे पडला तर क्लच सुटतोय.

वाजला तर इंजिन बंद करा. मागची चाकं वर उचलून गाडी नीट स्टँडवर टेकवा आणि गिअर टाका. एकाने पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्याने प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवायचा. जोर लावूनही इंजिनसोबतच फिरत असेल तर क्लच खरंच सुटत नाही. उलटी प्लेट, वाकलेली प्लेट, चुकीच्या उंचीचं बेअरिंग किंवा फोर्कचा झिजलेला बुश, यांपैकी एक कारण निघणार. हाताने मोकळा फिरतोय, पण इंजिन चालू असताना गिअर वाजतोच, असं असेल तर संशय स्पिगॉट बुशवर घ्या. तो शाफ्टला धरून फिरवतोय. दोन्ही बाबतींत इंजिन काढावंच लागतं, पण निदान काय शोधायचं ते माहीत असतं.

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते. नव्या किटच्या बाबतीत हे धरायचं कारण नाही. अपवाद एवढाच की किट बसवून गाडी महिनोन् महिने दमट जागी उभी होती.

उलटी तक्रार: क्लच घसरतो

नव्या किटने घसरावं याची दोनच मोठी कारणं. एक, अस्तराला तेल. तीन बेअरिंगच्या जुन्या इंजिनात मागच्या टोकाला रबरी सील नाही, तेल परत फिरवणारी खाच आहे. क्रँककेसमध्ये दाब वाढला तर तिच्यातून तेल येतंच. म्हणून त्या इंजिनात ब्रीदर साफ असणं क्लचसाठीही गरजेचं आहे. दोन, हायड्रॉलिकमध्ये अडकलेला दाब. पॅडल पूर्ण वर आल्यावर मास्टरच्या पुशरॉडला थोडी सैल चाल उरली पाहिजे. नसेल तर टाकीकडचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, तेल तापून फुगतं आणि क्लच अर्धवट दाबलेला राहतो. जुना होज आतून सुजला तरी तेल जातं आणि लवकर परत येत नाही. ओळखायची खूण: घसरत असताना स्लेव्हचा निप्पल क्षणभर सैल करा. तेल जोराने उडालं आणि घसरणं थांबलं तर दोष होज किंवा मास्टरचा, किटचा नाही.

आमचा निकाल असा. प्रेशर प्लेट आणि क्लच प्लेट डोळे मिटून घेण्यासारख्या नाहीत, पण वरच्या तपासण्या करून नक्की घेण्यासारख्या आहेत. कार्बनचं कडं हातात घेऊन पाहिल्याशिवाय स्वीकारू नका. प्लास्टिकची दांडी बाजूला ठेवा. आणि बुश, पिना, क्लिपा, रबरी झाकण किटसोबतच मागवा. ज्या विक्रेत्याकडे स्प्लाइनची संख्या आणि शाफ्टचा व्यास विचारल्यावर उत्तर मिळत नाही, त्याच्याकडून किट घेऊ नये.

बसवल्यावर पहिले ५०० ते ८०० किलोमीटर चढावर क्लच अर्धवट धरून थांबू नका आणि जोरात सुटू नका. अस्तर आणि फ्लायव्हील एकमेकांत बसायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतर गाडी पुन्हा स्टँडवर घेऊन स्लेव्हची सरक मोजा आणि पहिल्या आकड्याशी ताडून पाहा. अर्धा मिलिमीटरही कमी झाली असेल तर बुटाची कड उचला. आत ओल असेल तर सील बदला, कोरडं असेल तर पुन्हा खालून तेल ढकलून हवा काढा.